चिमणीच्या तुकड्यातून थर्मोकोकस वाढवताना

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार.

समुद्रतळावरच्या गरम झऱ्याच्या चिमणीच्या (खनिजांच्या नळकांड्याच्या) तुकड्यातून थर्मोकोकस हा उष्णताप्रेमी सूक्ष्मजीव वाढवायला इन्क्युबेटर किती अंशांवर ठेवू, असं विचारलंस. तापमान हा यातला सोपा भाग आहे: ८५ अंश सेल्सियस लाव आणि विसर. खरा वैरी ऑक्सिजन. हवा लागू दिली नाही तर हे जीव ४ अंशांना महिनोन् महिने तग धरतात. गरम असताना हवा लागली की संपले. म्हणून चिमणीचा तुकडा नायट्रोजनखालीच फोड.

समुद्रतळावरचे गरम झरे १९७७ साली गॅलापागोसजवळ सापडले. दोन वर्षांनी काळा धूर ओकणाऱ्या चिमण्या दिसल्या आणि सगळ्यांच्या डोक्यात ३५० अंशांचा आकडा बसला. त्या झोतात काही जगत नाही. जीव असतात चिमणीच्या सच्छिद्र भिंतीत, जिथे गरम द्रवात थंड समुद्रजल झिरपतं. वाढीचा विक्रम मेथॅनोपायरस या दुसऱ्या सूक्ष्मजीवाचा, १२२ अंश, तोही प्रचंड दाबाखाली. थर्मोकोकसच्या बऱ्याच जातींना दाब लागत नाही, म्हणून सुरुवात त्याच्यापासून कर. (तो जीवाणू नव्हे, आर्किया, म्हणजे जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातला. प्रबंधात तेवढं सांभाळ.)

एक लिटर माध्यमाला (जीव वाढवायच्या द्रवाला) समुद्री मीठ ३० ग्रॅम, पेप्टोन (पचवलेली प्रथिनं) ५ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ ग्रॅम आणि रेझाझुरिन (ऑक्सिजन असेपर्यंत गुलाबी दिसणारा रंग) १ मिलिग्रॅम; पीएच ६.५ च्या आसपास. उकळ, नायट्रोजनचे बुडबुडे सोडत थंड कर आणि गंधकाची पूड (लिटरला १० ग्रॅम) आधीच घातलेल्या सीरम बाटल्यांत निम्म्याहून कमी भर. बूच ब्यूटाइल रबराचंच हवं, वर ॲल्युमिनियमची टोपी. सिलिकॉनमधून ऑक्सिजन आत शिरतो. हे ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नकोस. १२१ अंशांना गंधक वितळून गोळा होतो, मग जीवांना पृष्ठभागच उरत नाही. लागोपाठ तीन दिवस, रोज तीन तास, १०० अंशांच्या वाफेत ठेव.

उरलासुरला ऑक्सिजन काढायला सोडियम सल्फाइड वेगळं निर्जंतुक करून शेवटी सिरिंजने घाल, लिटरला अर्धा ग्रॅम. गुलाबी रंग पूर्ण गेला पाहिजे. फिकट गुलाबी छटासुद्धा राहिली तर ती बाटली बाद.

वाढ डोळ्यांना फसवते, कारण गंधकामुळे माध्यम तसंही गढूळ दिसतं. हे जीव गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात आणि त्याने लेड ॲसिटेटचा कागद काळा पडतो; पण तो काळा पडला म्हणून खूश होऊ नकोस, सल्फाइड तर तूच घातलंस. सोबत नमुना न घातलेली एक बाटली ठेव आणि फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: साधारण एक मायक्रॉनचे गोल, अनेकदा जोडीने. दिसले की लगेच नव्या बाटलीत टोच आणि जुनी थंड कर. वाढ थांबल्यावर ८५ अंशांतच राहिल्या तर पेशी फुटून जातात, आणि सोमवारी हाती नुसतं गढूळ पाणी येतं.

प्लेटसाठी अगार नको, या तापमानाला तो पातळ होतो. जेलराइट (उष्णतेत टिकणारी, जेल बनवणारी पूड) घे, त्यात मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमचा क्षार घाल म्हणजे घट्ट बसेल, प्लेटा काचेच्या. बाटल्या मात्र फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात) उघड. विषारी हायड्रोजन सल्फाइडचा वास थोड्या वेळाने येईनासा होतो, वायू तिथेच असतो.

पहिल्या बाटल्यांचं काय झालं ते कळव.

तुझा,
मिलिंद