दोन नंबरची वही

सांगली,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "अण्णा, बाकी सगळं निघालं, बोलण्यात साडेसहा," एवढंच म्हणालीस आणि फोन ठेवलास. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला त्या इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत लिहिण्यात साडेसहा चालतात, पण बोलण्यात सातच लागतात, हे तूच दिवाळीत सांगितलं होतंस. तेव्हापासून तो अर्धा माझ्या डोक्यातून जात नाही. पट्टीत आठ आणे कमी आले तरी मला रात्री झोप लागत नाही, हे तुला माहीतच आहे. मग हे तर तुझं.

आज रविवार, यार्डात सौदे बंद. म्हणून तुझं कपाट उघडलं. रागावू नकोस. क्लासची ती गुलाबी फाईल तशीच पडली होती. धाकट्याला शेजारी बसवलं आणि दोघांनी मिळून ती पहिल्या पानापासून वाचून काढली. इंग्रजी त्याचं, डोकं माझं.

मला समजलं ते असं. सगळं बोलणं अकरा ते चौदा मिनिटांचं. आधी चार-पाच मिनिटं घर, शिक्षण, आवडीनिवडी. मग एक कार्ड देतात, एक मिनिट विचाराला, कागद-पेन्सिल हातात, आणि एक ते दोन मिनिटं आपण एकट्यानं बोलायचं. शेवटी त्याच विषयावर परीक्षा घेणारे साहेब जरा खोलात जाऊन आणखी चार-पाच मिनिटं विचारतात. आणि मार्कांची खाती चारच. न अडखळता मुद्द्याला धरून बोलतेस का, शब्द किती आहेत, व्याकरण, उच्चार. चारीला सारखा वाटा. मी तो कागद दोनदा वाचला, कारण मला पाचवं खातं सापडेना. तू कोणतं पुस्तक वाचलंस, किती वाचलंस, भारी वाचलंस की हलकं, याचं खातंच नाही गं त्यात! "मी फारसं वाचत नाही," असं नीट चार वाक्यांत सांगितलंस तरी मार्क तेच.

आता क्लासवाल्यांनी तुला काय पाठ करायला दिलं ते बघ. "आय अ‍ॅम अ व्होरेशस रीडर." धाकट्यानं मोबाईलमध्ये अर्थ बघितला. म्हणतो, खादाड. खादाड वाचक! ताटातली भाजी मागं ठेवणारी माझी पोर साहेबापुढे बसून सांगते, मी खादाड आहे. पुढं कुण्या परदेशी लेखकाची कादंबरी, तिनं म्हणे तुझं आयुष्य बदललं. ती कादंबरी आपल्या घरात तर कधी दिसली नाही. तू सांगितलंस ना, कार्डावरचं घडाघडा बोललीस, साहेबांनी मान डोलावली आणि एकच विचारलं: त्यातला कोणता भाग जास्त आवडला? तिथं तुझं इंजिन बंद पडलं. पडणारच.

हे मला दुकानातल्या भाषेत सांगू दे, मला तीच येते. पेठेत काही लोक दोन वह्या ठेवतात. एक खरी, एक दाखवायची. नावं घेत नाही, पण तीस वर्षांत मी अशा वह्या लिहिणारी माणसं जवळून बघितली आहेत. पकडलं जाण्याची भीती वेगळी. खरा त्रास असा की दुसऱ्या वहीत काल काय लिहिलं ते आज लक्षात ठेवावं लागतं. एक आकडा विचारला की माणूस आधी वही आठवतो, मग आकडा आठवतो, मग तोंड उघडतो. तू इंग्रजीत अडखळत नाहीस. तू दुसरी वही शोधत होतीस. खऱ्या वहीला आठवावं लागत नाही, ती डोळ्यापुढं असते. साहेबाला तू खरं बोललीस की खोटं याच्याशी काही देणं-घेणं नाही, त्याचाही मार्क नाही. देणं-घेणं तुझ्या जिभेला आहे.

आणि यात माझाही दोष आहे, तो लिहून टाकतो. "पाठ कर, सुटशील," असं मीच म्हणालो होतो. दहावीला इंग्रजीचा निबंध मीही पाठ करून सुटलो होतो. पुढं नोकरीसाठी एका ठिकाणी मुलाखत दिली. अर्जात छंद लिहिला होता, वाचन. सगळेच लिहितात. लग्नाच्या बायोडेटात तर स्वयंपाकाच्या खालोखाल वाचनच असतं. तिथल्या साहेबांनी विचारलं, सध्या काय वाचताय? मी म्हणालो, पेपर. ते म्हणाले, आज पहिल्या पानावर काय होतं? मी त्या दिवशी गाडी चुकायच्या भीतीनं पेपर उघडलाही नव्हता. ती नोकरी गेली आणि मी हळदीच्या धंद्यात आलो. तुझ्या आईला हे अजून ठाऊक नाही, तूही सांगू नकोस.

फोनवर म्हणालीस, "मला वाचायची सवयच नाही, मी खरं काय बोलू?" हे मात्र मला मान्य नाही. भेळीचा कागद चाटून-पुसून वाचणारी पोर कोण होती? आजीचे डोळे गेले तेव्हा रोज संध्याकाळी तिला हरिपाठ कोण वाचून दाखवायचं, आणि मध्येच ओळ गाळली की आजी कुणाला ओरडायची? आता वॉर्डात तू दिवसभर काय करतेस? केसपेपर वाचतेस, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचतेस, डॉक्टरांचं ते मुंगीच्या पायासारखं अक्षर वाचतेस. नाईटला मोबाईलवर गोष्टी वाचतेस, आई सांगत होती. कागदावर वाचायला आवडतं की स्क्रीनवर, असा प्रश्न फाईलीत आहे. त्याचं तुझं उत्तर अख्ख्या क्लासात कुणाकडं नसेल: रात्री तीनला वॉर्डातला दिवा लावता येत नाही, म्हणून स्क्रीनवर. बस, दोन वाक्यं झाली, खरी झाली.

आता त्या कार्डाचं. पुस्तकाबद्दल बोला, असं आलं तर तुझ्याकडं एक पुस्तक आहे. ते तू विसरलीस याचं मला नवल वाटतं.

२०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. आपण मिरजेला मावशीकडं. नगरवाचनालयात पाणी शिरलं, पुस्तकांचा लगदा झाला, असं ऐकून तू रडली होतीस, आणि तोवर आपल्या घराचं काय झालं हे बघितलंही नव्हतं. पाणी उतरल्यावर गावभागातलं दार उघडलं तर जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत चिखल. मी वह्या शोधत होतो, आई डबे. तू खालच्या फळीवरून 'बनगरवाडी' काढलीस. फुगून विटेएवढी झाली होती. मी म्हणालो, टाक ती. तू टाकली नाहीस. वीज आल्यावर पंख्याखाली ठेवलीस, पानापानांत रद्दी घातलीस, आणि जे पान सुटेल ते वाचत गेलीस. कधी मधलं, कधी शेवटचं. मास्तर गावात यायच्या आधीच तुला दुष्काळ पडलेला कळला होता. जेवताना विचारायचीस, अण्णा, ही माणसं मेंढरं घेऊन निघाली कुठं? मी म्हणायचो, मागचं पान वाळू दे, मग कळेल.

दोन मिनिटं कमी पडतील बघ. १९५५ सालचं पुस्तक, लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर आपल्याच जिल्ह्यातले, आटपाडीकडचे, म्हणजे तुझ्या आजोळच्या बाजूचे. धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो, आधी त्याला कुणी विचारत नाही, मग सगळे मिळून तालीम बांधतात, आणि शेवटी पाऊस दगा देतो. कोणता भाग आवडला, असं साहेबांनी विचारलं तर तुला वही चाळायला नको. तो भाग अजून तुझ्या बोटांना लागलेला असेल, चिखलाच्या वासासकट.

तू म्हणशील, धनगर, तालीम, कारभारी, याला इंग्रजी शब्द कुठून आणू? नसू देत. फाईलीत लिहिलंय, शब्द अडला तर तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगता येणं, हा सातवाल्यांचा गुण धरतात. हे तर मी रोज करतो. इरोडचा एक व्यापारी यायचा, त्याला मराठी नाही, मला तमिळ नाही, हिंदी दोघांचंही लंगडं. 'जेठा गड्डा' त्याला समजेना. मी म्हणालो, सेठ, हल्दी की माँ. हळकुंडं ती मुलं, गड्डा ती आई. हसला आणि सौदा झाला. तालमीला तू तेच कर. तांबडी माती टाकलेली खोली, पोरं जिथं कुस्ती खेळतात. झालं.

शेवटच्या भागात ते विचारतात, वाचनालयं राहतील का, तरुण पोरं वाचत का नाहीत वगैरे. यावर मोठं भाषण करायला जाऊ नकोस, तिथंच मोठे शब्द आठवताना घसरतेस. बघितलेलं सांग. २०१७ च्या मे महिन्यात भिलारला पुस्तकांचं गाव सुरू झालं आणि पुढच्या सुट्टीत आपण पाचगणीहून तिथं उतरलो होतो. लोकांच्या घरात, ओसरीवर कपाटं, कुणीही जावं आणि बसून वाचावं. तू एका घरात दोन तास हलली नाहीस आणि धाकट्यानं बाहेर स्ट्रॉबेरीवर माझे दीडशे रुपये घालवले. ती कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय नावाच्या गावावरून घेतलेली. तू जिथं निघालीस त्या देशातलंच गाव. एवढं बोललीस तरी साहेब खुर्चीत जरा पुढं सरकतील. माझ्या मते हमालसुद्धा वाचतात, फक्त मोबाईलवर, आणि खोटंच जास्त वाचतात. पण हे माझं मत, तू आपलं सांग.

फी पुन्हा भरायची आहे, ती मी भरतो. क्लास पुन्हा लावू नकोस. उच्चारांची काळजी करून तोंड वाकडं करू नकोस, सांगलीचा हेल राहिला तर राहू दे, समजल्याशी कारण. प्रश्न ऐकू आला नाही तर परत विचार, वॉर्डात म्हाताऱ्यांना विचारतेस तसं.

पुढच्या रविवारी रात्री नऊला फोन करतो. मी साहेब. धाकटा घड्याळ लावून बसेल, आई ताट आणि चमचा घेऊन. एक मिनिट विचाराला देईन, मग तू 'बनगरवाडी' इंग्रजीतून सांगायचीस. मला निम्मं कळणार नाही, तरी मी विचारणार. दोन मिनिटं झाली की ताट वाजेल.

भडंगाचा डबा उद्याच्या गाडीनं पाठवतोय, वरच्या पिशवीत आहे. त्याच्याखाली रद्दीत गुंडाळलेलं पुस्तक आहे, जपून काढ, शेवटची चार पानं अजून एकमेकांना चिकटलेलीच आहेत.

तुझे,
अण्णा