रामटेकच्या वानरांना उष्टं देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी घरच्यांसोबत रामटेकला गडावर गेलो होतो. पायऱ्यांवर काळ्या तोंडाची वानरं असतातच आणि लोकं त्यांना फुटाणे, केळी देतात, हे आपण लहानपणापासून बघतोय. पण यावेळचं डोक्यातून जातच नाहीये. पाच-सहा वर्षांचं पोरगं, नाक वाहतंय, खोकला सुरू, त्यानं अर्धवट चावलेलं केळं एका वानरीला दिलं, तिच्या पोटाला इतकुसं पिल्लू बिलगलेलं, तिनं केळं तोंडात घातलं तर पिल्लू तिचे ओठ चाटायला लागलं. बाकी सगळे व्हिडिओ काढण्यात बिझी. मी म्हटलं, भाऊ, उष्टं नका देऊ, तर पोराचे वडील म्हणाले, "जनावराचं आपल्याले होते जी, आपलं त्याईले काय होते?"

होते, आणि मरतातसुद्धा. युगांडातल्या किबालेच्या जंगलात २०१३ साली चिंपांझींच्या एका कळपात खोकल्याची साथ आली, ५६ पैकी ५ गेले, आणि तपासात निघाला ऱ्हायनोव्हायरस सी, म्हणजे आपल्या पोरांना सर्दी होते त्यातलाच. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात पण तसंच, विषाणू दुसरे, पण तिथं तर जीव लावून अभ्यास करणाऱ्या माणसांकडूनच ते चिंपांझींकडे गेले असावेत असं दिसतं. कोरोनात हैदराबादच्या झूमधले ८ सिंह पॉझिटिव्ह आले होते, आठवत असेल. ते निदान पिंजऱ्यात होते, औषधपाणी झालं. अमेरिकेत मात्र रानातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांत माणसाचा कोरोना शिरला आणि मग हरणाहरणांत पसरत राहिला. मला याचीच जास्त भीती वाटते, रानात कोण टेस्ट करणार, कोणाला क्वारंटाइन करणार, आणि तिथं बदलून तो परत आपल्याकडे आला तर?

आपल्या रामटेकच्या पलीकडे लगेच पेंचचं जंगल आहे. वानरांना कुठं हद्द कळते.

आपण त्यांना मारुतीचं रूप म्हणून हात जोडतो आणि घरात जे कोणाला देणार नाही ते उष्टं त्यांच्या हातात ठेवतो, हे मनाला फार लागतं. फुटाणेवाल्यांच्या पोटावर पाय नको, भाविकांनी स्वतः खावेत की. पण पायऱ्यांखाली मराठी-हिंदीत मोठा बोर्ड लावा, सर्दी-खोकला असेल तर वानरांपासून लांब राहा, खाऊ घालू नका, आणि दोन माणसं उभी ठेवा. त्रिपुरी पौर्णिमेला गडावर तोबा गर्दी होते, त्याच्या आत हे झालं पाहिजे.

आपला,
एक वाचक, नागपूर