संगणकाबरोबर माणूसही द्या

मा. संपादक,

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका गल्लीत आमचं छोटं मराठी वाचनालय आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिथल्या नोंदी मी सांभाळते. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणून एका दात्याने आम्हाला विंडोज ११ प्रो असलेला कोरा संगणक दिला. पेढे वाटले, हारही घातला. (संगणकाला. दाते आले नव्हते.)

आमची पुस्तकांची यादी आणि प्रिंटर दोन्ही जुन्या विंडोज ७ च्या संगणकावर. तिथला फोल्डर शेअर केलेला, पासवर्ड नाही. कोणीही यावं, यादी उघडावी. नव्या संगणकाने मात्र दारातच अडवलं. तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार ओळख न दिलेल्या पाहुण्याला प्रवेश नाही, अशा अर्थाची इंग्रजी पाटी! आमची संस्था म्हणजे सात माणसं आणि चहाचा एक थर्मास. धोरण ठरवलं कुणी?

दुरुस्तीला आलेल्या मुलाने आधी एसएमबी-१ (संगणकांनी आपसात फायली शेअर करायची जुनी पद्धत) चालू केलं, मग बिनपासवर्डच्या पाहुण्यांना मोकळी वाट दिली आणि पंधरा मिनिटांत म्हणाला, "मासी, चालू थई गयुं." रात्री भाच्याला फोन केला तेव्हा कळलं की २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो याच एसएमबी-१ मधल्या भोकातून, आणि त्याच वर्षीपासून विंडोज १० मध्ये ते आपोआप बसवणं बंद होऊ लागलं. विंडोज ७ ला तर त्याची गरजही नाही. त्याला पुढची आवृत्ती, एसएमबी-२, येतं. म्हणजे नवा संगणक बरोबरच बोलत होता, चूक आमच्या उघड्या फोल्डरची होती. बँकेत तीस वर्षं किल्ल्या सांभाळलेल्या बाईला हे दुसऱ्याने सांगावं लागलं, याची लाज वाटली.

उपाय साधा निघाला. जुन्या संगणकावर एक खातं उघडलं, त्याला पासवर्ड दिला, फोल्डर फक्त त्या खात्यासाठी ठेवला आणि नव्यावर तेच नाव-पासवर्ड एकदा भरलं. मुलाने केलेले बदल परत फिरवले. विंडोज ७ चे अपडेट २०२० मध्येच थांबलेत, म्हणून त्याचं इंटरनेटही बंद केलं.

यादी उघडली, पण 'ययाति'च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा! वर्षानुवर्षं आम्ही जुन्या फॉन्टात टाइप केलेलं, तो फॉन्ट नव्यावर नाही. फॉन्ट टाकला की अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांत, शोधलेलं पुस्तक सापडत नाही. आता रोज थोड्या नोंदी युनिकोडमध्ये आणते आहे. 'क' संपत आलाय.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथालयांचं काम हाती घेतलं तेव्हा नुसती पुस्तकं आणली नाहीत, ती लावायला ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना अमेरिकेहून बोलावलं. आमच्या दात्यांकडे इतकं मागत नाही. संगणक देण्याआधी आमच्याकडे कुठलं विंडोज आहे, यादी कशात आहे, प्रिंटर कुठला, एवढं विचारावं आणि एका दुपारपुरता जाणता माणूस सोबत पाठवावा. चहा आमच्याकडून.

प्रिंटर अजून फक्त जुन्यावरच चालतो.

— एक वाचनालय कार्यकर्ती, बडोदे