आईच्या शिलाई मशीनवरच्या लाईटसाठी, काका, मनापासून आभार

काका, तुम्ही पैसे घेतले नाहीत म्हणून निदान हे लिहितोय.

आईच्या मशीनवरचा घरी बनवलेला एलईडी लाईट बरेच महिने मस्त चालला आणि मग लग्नसराईतच लुकलुकायला लागला, म्हणजे नुसतं बघितलं तर काही कळायचं नाही पण मोटर चालू केली की एका सुईच्या चार-पाच सुया दिसायच्या आणि संध्याकाळपर्यंत आईचं डोकं ठणकायचं. कोणी म्हणे स्विच बदल, कोणी म्हणे व्होल्टेजचा प्रॉब्लेम.

तुम्ही कशालाही हात लावायच्या आधी मोबाईलचा कॅमेरा लाईटसमोर धरलात आणि स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दाखवलेत. आपली लाईन ५० हर्ट्झची, ब्रिजमधून (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडमधून) गेली की प्रकाश सेकंदाला १०० वेळा मंदावतो, ते खड्डे भरून काढायचं काम फिल्टर कपॅसिटरचं, तो गेला की असं होतं, हे इतक्या सोप्या भाषेत मला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. मग प्लग काढून, रेझिस्टन्सने चार्ज उतरवून तुम्ही तो काढलात. वर ४७ एमएफडी (मायक्रोफॅरड, म्हणजे कपॅसिटरची क्षमता) १०० व्होल्ट छापलेलं, मीटरवर जेमतेम ६, टोपी किंचित फुगलेली. दुसरा कोणी असता तर नवीन टाकून मोकळा झाला असता. पण तुम्ही विचारलंत, हा मेला कशाने? सर्किट एलईडीच्या ॲल्युमिनियम पट्टीला चिकटून होतं, तिथल्या गरमीने आतला द्रव सुकला, आणि दर १० डिग्री गरमी वाढली की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं हे तेव्हा कळलं. म्हणून तुम्ही १०५ डिग्रीपर्यंत गरमी सोसणारा टाकलात, बोर्ड पट्टीपासून लांब प्लास्टिकच्या बंद डबीत बसवलात, लाईनचा करंट कमी करणाऱ्या ०.४७ एमएफडीच्या दुसऱ्या कपॅसिटरवर, प्लग काढल्यावर त्यातला चार्ज उतरावा म्हणून एक मेगओहमचा रेझिस्टन्स लावलात, आणि या सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मर नाही, सगळीकडे २३० व्होल्टचा करंट खेळतो, लोखंडी मशीनला याची उघडी वायर चुकूनही लागू देऊ नकोस हे दोनदा बजावलंत. ते बजावणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता कॅमेऱ्यात पट्टे दिसत नाहीत, आई रात्रीसुद्धा फॉल-पिको करते आणि डोकं दुखल्याचं नाव नाही.

आईने निरोप सांगितलाय, काकूंच्या ब्लाऊजचं कापड आणि मापाचा ब्लाऊज पाठवून द्या, शिलाई घेणार नाही.