सुतारकाका, त्या अंगठ्याबद्दल

ती. सुतारकाकांस,
सा. न. वि. वि.

फोटोची लाकडी चौकट शिकायला निघालेल्याला जो तो एकच मंत्र देतो : "पंचेचाळीस अंशाला काप, झाली चौकट." फी घेऊन शिकवणाऱ्यांनीही त्यापुढे काही सांगितलं नाही. कोपऱ्यात फट दिसली की तीत भुसा आणि फेविकॉलचा लगदा भरायचा, वर पॉलिश मारायचं, हा त्यांचा शेवटचा धडा. पॉलिश त्या लगद्यात मुरत नाही, म्हणून फट आधीपेक्षा ठळक दिसते, हे मात्र गिऱ्हाईकानं घरी जाऊन पाहायचं!

तुम्ही काही बोललाच नाहीत. समोरासमोरच्या दोन पट्ट्या बाहेरच्या कडा चिकटवून आडव्या ठेवल्यात, एकीकडची टोकं जुळवलीत आणि माझा अंगठा धरून दुसरीकडच्या टोकांवरून फिरवलात. डोळ्यांना सारख्या वाटणाऱ्या पट्ट्यांमधली अर्ध्या मिलिमीटरची पायरी अंगठ्याला ताबडतोब लागली. कोन बरोबर असूनही चौथा कोपरा का मिटत नाही, याचं उत्तर तिथं होतं. लांबीची जोडी जुळली नाही तर गुण्या (कोन तपासायचं अवजार) लावून कापलेला कोनही कामाचा नाही. म्हणून टेपनं दोनदा मोजण्यापेक्षा करवतीच्या पेटीला (ठरलेल्या कोनात करवत चालवायला खाचा असलेल्या) एक ठोकळा ठोकायचा आणि जोडीच्या दोन्ही पट्ट्या त्यालाच टेकवून कापायच्या. ठोकळा चार मिलिमीटर चुकीच्या जागी असला तरी दोन्ही सारख्याच चुकतात, आणि चौकट जुळते.

कोनाचा हिशेबही तुमच्यामुळेच कळला. चार कोपऱ्यांना आठ काप. प्रत्येक काप एकाच बाजूला अर्धा अंश ढळला, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंश साचतात. ३० मिमी रुंद पट्टीचा तिरका काप ४२ मिमीचा, म्हणजे त्याच्या टोकाला जवळजवळ ३ मिमीची फट. आणि हातकरवतीनं अर्धा अंश ढळायला काय लागतं! त्यासाठीच तुमचा तो प्लायवूडचा पाट : वर पंचेचाळीसला घट्ट बसवलेली आडपट्टी, तिला चौकटीची पट्टी टेकवायची, रंधा कुशीवर आडवा ठेवून टोकाची पापुद्र्याएवढी साल काढायची. पाती धारदार हवी, नाहीतर बाहेरचं टोक फुटतं. कापलेल्या तोंडावर पॉलिश पेपर घासायचा नाही. कडा गोल होतात आणि जोडात काळी रेघ उठते.

कापण्याआधीची बेरीज कुणी समजावत नाही, ती इथे लिहून ठेवतो, म्हणजे नवख्यांना उपयोगी पडेल. ८ बाय १० इंचाचा फोटो म्हणजे २०३ बाय २५४ मिमी. काच अडकू नये म्हणून ३ मिमी मोकळीक. पट्टी ३० मिमी, काच आणि फोटो बसायची आतली खाच ६ मिमी रुंद, म्हणजे दोन्हीकडे २४-२४ वाढवायचे. बाहेरून मोजलेल्या लांब्या येतात २५४ आणि ३०५. खाचेची खोली १० मिमी असू द्यावी : काच २, माउंट (फोटोभोवतीचा पुठ्ठा) दीड, पाठीमागचा हार्डबोर्ड ३, आणि उरलेल्या जागेत बारीक खिळे ठोकायचे. खाच उथळ असली की पाठ फुगते आणि भिंतीला टेकत नाही.

चिकटवताना टोकाचं लाकूड फेविकॉल शोषून घेतं, म्हणून आधी पातळ हात, पाच-दहा मिनिटांनी दुसरा. मग कोपऱ्यांना ठोकळे लावून भोवती सुतळी गुंडाळायची, काडीनं पीळ द्यायचा, दोन्ही कर्ण मोजायचे. एक कर्ण मोठा निघाला तर त्याच्या टोकांवर हलका दाब द्यायचा. रात्रभर हात लावायचा नाही. पावसाळ्यात ओली पट्टी घेतली तर ही सगळी मेहनत उन्हाळ्यात फुकट जाते : लाकूड लांबीत नव्हे, रुंदीत आकसतं, त्यामुळे कोपरा बाहेरून चिकटलेला राहतो आणि आतून उघडतो. टिंबर मार्केटात पट्टीचा ओलावा विचारला तर दुकानदार हसतात. तुम्ही ती पंधरा-वीस दिवस माळ्यावर ठेवायला सांगता.

इतकं सगळं यायला हवं, तरी तुम्ही करवत माझ्या हातातून एकदाही काढून घेतली नाहीत, काका. शिकाऊ माणसाची करवत वाकडी चाललेली पाहणं सुताराला किती अवघड जात असेल! हुशारी पुष्कळांकडे असते. ती दुसऱ्याच्या हाताला येऊ देणारी माणसं मात्र फार कमी भेटली, आणि त्यातल्या कुणाच्याही दारावर वर्गाची पाटी नव्हती.

आता ११ बाय १४ इंचाचा फोटो आहे. त्याच पट्टीत चौकटीला १४७४ मिमी लागतात. पाच फुटी पट्टीत जेमतेम ५० मिमी उरतात. करवतीचा भुसा आणि रंध्याची साल त्यातच गेली की कोन तपासायला तुकडा राहत नाही. तेव्हा सागाची सहा फुटीच बाजूला काढून ठेवा, आणि या वेळी तिचे पैसे घ्या. शनिवारी येतो.

आपला,
तुमच्या पाटावरचा एक शिकाऊ