राजीनाम्यातली ती एक ओळ

महोदय,

पुण्यातल्या आयटी किंवा इंजिनिअरिंग कंपनीत जुना मॅनेजर नकोसा झाला की त्याला थेट काढत नाहीत. आधी बैठकांना बोलावणे बंद होते, मग हाताखालची माणसे दुसरीकडे वळवली जातात आणि शेवटी पीआयपी, म्हणजे ठरावीक मुदतीत कामगिरी सुधारा असे सांगणारा लेखी आराखडा, हातात पडतो. कायदा आपल्या पाठीशी आहे असे बरेच वरिष्ठ धरून चालतात, आणि तिथेच फसतात.

औद्योगिक संबंध संहितेत व्यवस्थापकीय काम करणारा ‘कामगार’ ठरत नाही. महिना 18,000 रुपयांवर वेतन असलेला सुपरवायझरही नाही. दिवाणी न्यायालयात खासगी नोकरी सहसा परत मिळत नाही, भरपाई मिळते, तीही बहुधा नोटिशीच्या काळातील पगाराएवढी. वीस वर्षे राबलेल्या माणसाच्या वाट्याला एवढेच यावे याची चीड येते. पण म्हणूनच कागद सांभाळायला हवा.

पीआयपीवर सही करताना ‘मिळाले, मजकूर मान्य नाही’ असे लिहून तारीख घालावी. ‘संवाद सुधारा’ असल्या मोघम उद्दिष्टाचे मोजमाप काय, ते ठरवणार कोण, हे मेलवर विचारावे. तोंडी धमकी मिळाली तर त्याच दिवशी तीन ओळींचा मेल टाकावा: कोण, किती वाजता, काय म्हणाले. विशेषणे नकोत. कंपनीच्या फायली मात्र स्वतःच्या जीमेलवर पाठवू नयेत. डेटा चोरीचा ठपका ठेवायला तेवढे पुरते. नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रे, पगारपत्रके लॉगिन बंद होण्याआधी उतरवून घ्यावीत.

सर्वांत महाग पडते ती राजीनाम्यातली ‘वैयक्तिक कारणास्तव’ ही ओळ. मजकूर एचआर तयारच ठेवते, आणि अपमानातून सुटायचे म्हणून माणूस दहा मिनिटांत सही करून मोकळा होतो. मग दबाव होता हे सिद्ध करणे फार अवघड. निदान एक रात्र मागून घ्यावी. द्यायचाच असेल तर ‘अमुक तारखेच्या बैठकीत सांगितल्यावरून राजीनामा देत आहे’ असे लिहावे.

पाच वर्षे सलग नोकरी झालेल्या मॅनेजरलाही ग्रॅच्युइटी मिळते. मासिक वेतन 1,04,000 आणि सेवा 12 वर्षे असेल, तर वेतनाला 26 ने भागून 15 ने व 12 ने गुणावे: 7,20,000 रुपये. राजीनामा दिला म्हणून ती अडवता येत नाही. प्रतिस्पर्धी कंपनीत जायचे नाही ही अटही नोकरी सुटल्यावर करार कायद्याच्या कलम 27 पुढे टिकत नाही. गोपनीयतेची अट वेगळी. ती पाळावीच लागते.

— मनुष्यबळ क्षेत्रातील एक सल्लागार, पुणे