सारंगमामा, तुमच्या गाठीसाठी

सारंगमामा, सप्रेम नमस्कार.

शोधनिबंधाच्या शेवटी आम्ही 'जहाजावरील सर्व कर्मचाऱ्यांचे आभार' अशी एक ओळ टाकतो. तुम्ही त्या ओळीत मावत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

मुरगावच्या बाहेर आपण नांगर टाकला होता. पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून माशांचे थर मोजणाऱ्या इकोसाउंडरचं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाची पडताळणी, करायचं होतं. टंगस्टन कार्बाइडचा ३८.१ मिलिमीटरचा गोळा, दिसायला लिंबाएवढा, पण वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या वर. तो तीन दोऱ्यांवर जहाजाच्या तळाखाली तोलून धरायचा. त्याचा प्रतिध्वनी किती यायला हवा हे आधीच ठाऊक असतं. ३८ किलोहर्ट्झला उणे ४२ डेसिबलच्या आसपास. यंत्र वेगळं काही सांगत असेल, तर तेवढी दुरुस्ती. एक डेसिबल चुकला तर माशांचा अंदाज पाव हिश्शाने चुकतो, आणि नंतर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

पहिला गोळा मी बांधला आणि मीच घालवला. पाण्याला टेकतो न टेकतो तोच गाठ सरकली. डुबुक! तुम्ही काही बोलला नाहीत. दुसरा उचलायला गेलात तशी मीच ओरडले, "हात नका लावू, तेलकट होईल!" तेव्हा मात्र हसलात. बुडबुडे चिकटू नयेत म्हणून मी साबणाचं पाणी करून ठेवलं होतं. त्यातच तुम्ही तंगूस, म्हणजे गोळ्याचा नायलॉनचा दोरा, भिजवलात आणि मग सावकाश गाठ आवळलीत. "सुकी आवळलीस तर तंगूस जळतो गो."

माझ्या वेळापत्रकात आठची वेळ होती. तुम्ही म्हणालात, अमावास्येचं उधाण आहे, अकराच्या सुमाराला पाणी थिरावेल तेव्हा बघू. मी ऐकलं नाही. जहाजाचा तास न् तास मोजून मिळतो, त्याची धास्ती होती. यंत्राचा आवाजाचा झोत सात अंशांचा, म्हणजे २० मीटर खाली जेमतेम अडीच मीटर रुंद. भरतीने गोळा कधीच त्याच्याबाहेर ओढून नेला होता. तीन तास मी रिकामा पडदा बघत बसले.

अकरानंतर मी खालच्या खोलीतून वॉकीटॉकीवर सांगत होते, "उजवी वीतभर सैल... बस." वर तुम्ही, डोळ्यांना काहीच दिसत नसताना, बोटावरच्या ताणावरून गोळा सरकवत होतात. पडद्यावरचं वर्तुळ म्हणजे तोच झोत; त्यात ठिपका ठिपका भरत गेला, चारही भागांत. मोटरची चरखी असती तर काम सोपं झालं असतं म्हणतात. असेलही.

त्याच संध्याकाळी खोल पाण्यात पोचलो आणि दिवस मावळताना तीनशे मीटरखालचा थर वर चढताना दिसला. तुम्हाला बोलावलं, तर तुम्ही डेकवर नांगराची साखळी धुवत होतात. त्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडलाय.

पुढच्या सफरीला तीन गोळे घेतेय. गाठी तुम्हीच मारायच्या.

तुमची,
खालच्या खोलीतली पोर